शेवटच्या पोरापर्यंतचा पाढा

अनसूयाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पायाचे अंगठे धरून उभ्या होत्या.

नऊवारी लुगडं, पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यात खडू. चाळिशीची ती बाई आपल्याच शाळेत, आपल्याच बेचाळीस पोरांसमोर ओणवी झाली होती. पोरं चिडीचूप. पुढे बसलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणत होती, "बाई, बास की आता."

"शंभर झाले का?" बाईंनी खालूनच विचारलं.

"न्हाय. साठ झालं."

"मग मोज पुढं. मधले गाळू नको."

मी दारातच थांबले. माझ्या हातात बाबांची चिठ्ठी होती. बाबा कॅनॉल खात्यात इंजिनिअर होते. बारामतीला बदली होऊन वर्ष झालं होतं आणि त्या हिवाळ्यात इंदापूरच्या बाजूला कालव्याचं काम निघालं, म्हणून आम्ही कालव्याकाठच्या खात्याच्या लहान बंगल्यात राहायला आलो होतो. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. टायफॉइडमुळे इंटरची परीक्षा हुकली होती आणि डॉक्टरांनी वर्षभर पुस्तकांपासून लांब राहायला सांगितलं होतं. शाळेची खोली मुळात खात्याची, पूर्वी तिथे सिमेंटची पोती ठेवत. तिच्या पत्र्यांबद्दल बाबांनी चिठ्ठी दिली होती. ती देऊन परत फिरायचं, एवढंच माझं काम होतं. मला अनोळखी माणसांशी बोलायला तेव्हाही आवडत नसे, आजही नाही.

शंभर झाले. बाई सरळ झाल्या, कमरेवर हात ठेवून दोन श्वास घेतले आणि त्या मुलीला म्हणाल्या, "कमळ, फिटलं का आपलं?"

"व्हय," कमळ नाक पुसत म्हणाली.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांना जराही ओशाळल्यासारखं झालं नाही. "या ताई. बसा त्या पोत्यावर. आधी शिक्षा उरकली, आता तुमचं."

शिक्षा कशाची, ते मला त्या दिवशी दुपारी कळलं.

एका खोलीत चार इयत्ता आणि शिकवायला एकट्या बाई. एका इयत्तेकडे बघावं तर उरलेल्या तिघी झोपणार, नाहीतर मारामाऱ्या करणार. म्हणून त्यांनी पाढ्यांचा एक खेळ काढला होता. प्रत्येक पोराला एक ते बेचाळीसमधला एक आकडा. सुरुवातीला सगळी बसलेली. मग पाढे सुरू. पाढ्यात ज्याचा आकडा येईल, तो बसलेला असेल तर उठेल आणि उभा असेल तर बसेल. एकच्या पाढ्याला ओळीने सगळीच उठत. दोनच्या पाढ्याला दोन, चार, सहा असे एकाआड एक बसत. तीनच्या पाढ्याला तिसरा बसे, सहावा पुन्हा उठे. दुसऱ्या शाळांत पाढा दहावर थांबतो. बे दाहे वीस, की संपलं. बाईंचा पाढा शेवटच्या पोराला गाठल्याशिवाय थांबत नसे. बेचाळीस पोरं म्हणून बेचाळीसपर्यंत पाढे. एकविसाच्या पुढे तर एकेका पाढ्यात एकाच पोराची पाळी. बावीस एके बावीस, बावीसवाला उठबस करून मोकळा, लगेच पुढचा पाढा. पंधरा मिनिटं खोलीत नुसती उठबस चाले. पेंग यायची कुणाची छाती नव्हती.

कुणी गैरहजर असलं तर त्याच्या जागी बाई एक वीट ठेवत. शेजारच्या पोराने ती आडवी-उभी करायची. "पोरगं न्हाय आलं म्हणून आकडा सुटी घेत न्हाय," असं त्या म्हणत. वर्गात त्या शुद्ध बोलत, पण जरा रंगात आल्या की इंदापूरकडची बोली वर यायची.

शेवटी जी पोरं उभी राहत त्यांना उरलेलं दूध मिळे. तेव्हा शाळांत भुकटीचं दूध येई. सगळ्यांना वाटीवाटी देऊन हंड्यात पाच-सहा वाट्या उरत आणि त्यावरून रोज रडारड होई. बाईंनी ठरवलं, पाढेच निवाडा करतील. त्यांना वाटलं, रोज वेगळी पोरं उभी राहतील.

तसं झालं नाही. रोज तीच सहा. एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस, छत्तीस. पंधरा दिवस हे पाहिल्यावर बाईंना संशय आला की पोरं लबाडी करतात. सोळा नंबरची कमळ त्यांना सगळ्यांत चलाख वाटे, म्हणून त्यांनी तिला शंभर मोजेपर्यंत अंगठे धरायला लावलं. घरी जाऊन त्यांनी बेचाळीस खडे मांडले आणि एकटीनेच सगळे पाढे म्हणत एकेक खडा पुढे-मागे सरकवला. सोळावा खडा पुढेच राहिला. दुसऱ्या दिवशी शाळा भरताच त्यांनी स्वतः अंगठे धरले. नेमकी त्याच वेळी मी दारात पोचले होते.

मी ते आकडे ऐकले आणि नको असताना बोलून गेले. "हे परफेक्ट स्क्वेअर आहेत. चार गुणिले चार सोळा, पाच गुणिले पाच पंचवीस."

"वर्ग," बाई म्हणाल्या. "व्हय, वर्गच हैत की." त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच शांत झाला. "ते नाव झालं ताई. कारण?"

कारण मला माहीत नव्हतं. इंग्रजी शाळेत मी गणितात पहिली येत असे, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"नाव झालं. कारण?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. पोराने सांगितलं, बाई, ताप होता, की हा प्रश्न ठरलेला. आई सांगायला आली, पोरगं हट्टी आहे, तरी हाच. एकदा बाबांनी त्यांना सांगितलं की पत्रे बदलायला उशीर होईल, काम वरून अडलं आहे. बाई हात जोडून म्हणाल्या, "साहेब, ते नाव झालं." बाबा गडबडले. आठ दिवसांत पत्रे आले.

मी हळूहळू रोज शाळेत जाऊ लागले. पोत्यावर बसायचं आणि दुसरीच्या पोरांच्या पाट्या तपासायच्या. माझं मराठी मोजणं तेव्हा भयंकर होतं. एकोणसाठ म्हटलं की मी हमखास एकोणसत्तर लिहायची. एकदा सगळी दुसरी मला हसली. बाई पोरांना म्हणाल्या, "हसता कशाला? ताई खालून वर मोजतात, आपण वरनं एक पायरी खाली उतरतो. साठला एक कमी. जिना एकच हाय." त्या दिवसापासून मी चुकले नाही. पोरंही हसली नाहीत. उलट मी फळ्यावर एकोणऐंशी लिहिलं की सगळी दबक्या आवाजात म्हणत, "बराब्बर."

बाईंचं घर म्हणजे शाळेमागची एक खोली. तिथे त्या आणि त्यांची भाची विमल. नवऱ्याने त्यांना लग्नानंतर तीन वर्षांत टाकलं होतं. इंदापूरला भावाकडे राहून, भावजयीच्या हाताखाली घरकाम करून त्या सातवीची फायनल परीक्षा पास झाल्या होत्या. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. विमलने सांगितलं. बाईंनी एवढंच सांगितलं, की ही नोकरी कच्ची आहे, ट्रेनिंग झालेलं नाही, बोर्ड कधीही काढू शकतं.

कारण त्यांना सापडलं ते भाकरी खाताना. दुपारची सुट्टी होती. बाहेर कमळ आणि विमल समोरासमोर बसून टाळ्यांचा खेळ खेळत होत्या. एकीने पाढ्यातली ओळ म्हणायची, दुसरीने टाळी देऊन ती उलटी करायची.

"तीन चोक बारा!"

"चार त्रिक बारा!"

"बे सक बारा!"

"सहा दुणे बारा!"

"चार चोक सोळा!"

विमलने टाळी दिली आणि अडकली. "चार चोक सोळा," तीही म्हणाली.

"ए, हे तर माझंच म्हणलीस. हरलीस!"

बाईंचा घास हातातच राहिला. त्या उठल्या आणि हात न धुताच फळ्याशी गेल्या. अंबाड्यातला खडू काढला. खडूला ठेचा लागला आणि फळ्यावर तांबूस रेघा उमटल्या. बारा लिहिलं, खाली जोड्या लिहिल्या. एक-बारा, दोन-सहा, तीन-चार. सोळा लिहिलं. एक-सोळा, दोन-आठ, आणि मग नुसता एक चार. त्याच्यासमोरची जागा मोकळी.

"ताई," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उठवणाऱ्या हाकेला बसवणारी हाक हाय. तीनच्या पाढ्यात बाराला हाक आली, तर चारच्या पाढ्यातही येणारच. हाका जोडीनं येतात. जोडीनं आल्या की पोरगं शेवटी जमिनीवर. वर्गाचं तेवढं निराळं. चारचा पाढा सोळाला हाक मारतो, तिची उलटी हाक तीच. एक हाक जोडीवाचून उरते. म्हणून तो उभा."

मी पोत्यावर बसले होते. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत.

ही गोष्ट वस्तीत पसरली. दुसऱ्या दिवशी कालव्यावर धुणं धुताना गंगूबाई नावाची एक बाई मोठ्याने म्हणाली, "काय वं मास्तरीणबाई, ज्याला जोडी न्हाय त्योच ताठ उभा ऱ्हातोय म्हणं! म्हंजे तुमीच की!" सगळ्या हसल्या. मला वाटलं, बाईंना लागेल. त्या लुगडं पिळत म्हणाल्या, "आकड्याला नवरा नसतो गंगू. त्याला कशाला संसारात ओढतीस? बिचारा सुखात हाय."

कारण कळल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते आकडे फिरवायचं. दर शनिवारी प्रत्येकाचा आकडा एकाने खाली. बेचाळीसचा एक्केचाळीस, एकचा बेचाळीस. म्हणजे सगळ्यांना कधी ना कधी दूध मिळेल. यात एक गोम होती. पस्तिसावर आलेल्या पोराला पंचवीसपर्यंत उतरायला दहा आठवडे लागत. आणि पस्तिसावर होती आप्पारावांची नात शालन.

आप्पाराव म्हणजे वस्तीतले मोठे बागाईतदार. ऊस होता, द्राक्षांचा प्रयोग चालू होता. शाळा समितीत त्यांचा शब्द चाले. मोठ्या मिशा, पिवळा फेटा, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघायची सवय. शालनला दोन महिने ते जादा दूध मिळालं नाही. त्या काळात बाईंची विमल एकदा नवाच्या जागी आली आणि वस्तीबाहेरच्या घरांतला नामा चाराच्या. आप्पाराव शाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, हे काय चाललंय? तुमची भाची पिती, त्यो नामा पितो, आन् माझी नात नुसती उठबशा काढती?"

"आबा, तिचा आकडा पस्तीसवरनं सत्तावीसवर आलाय. अजून दोन आठवड्यांनी पंचवीस हुईल."

"आकडा तुमीच दिला न्हवं?"

"ओळीनं दिला."

"वळ कुणी लावली?"

बाईंनी त्यांना फळ्याजवळ बोलावलं, जोड्या लिहून दाखवल्या. आप्पारावांनी फळ्याकडे पाहिलंच नाही. "आमाला हिसाब शिकवू नगा. आमच्या रानात पाण्याच्या पाळ्या आमी आंगठ्यानं मोजतो," म्हणाले आणि गेले. नामाचं नाव त्यांनी जरा जास्तच दाबून घेतलं होतं, हे मला तेव्हा जाणवलं. विमलपेक्षा त्यांना नामा खुपत होता.

बोर्डाकडे तक्रारीचा अर्ज गेला. बाई आकड्यांची करणी करून आपल्या जवळच्या पोरांना दूध देतात, असं त्यात लिहिलं होतं. दिपोटीसाहेब चौकशीला येणार असा निरोप आला. शाळा तपासणीस म्हणजे सगळ्यांच्या तोंडी दिपोटी. अर्ज खरा ठरला तर बाईंची नोकरी जाणार. दुसरा मास्तर वस्तीवर यायला तयार नव्हता, म्हणजे खोली पुन्हा सिमेंटची होणार.

आदल्या दिवशी मी गेले तेव्हा बाई दुधाचा हंडा राखेने घासत होत्या. तो आधीच लख्ख होता.

"इंदापूरला भाऊ नको म्हणणार न्हाय," त्या एकदम म्हणाल्या. "पर भावजयीच्या चुलीपुढं परत बसायचं... तिथं कुणी कारण विचारू देत न्हाय ताई." आणि पुन्हा घासायला लागल्या.

मी म्हणाले, "मी साहेबांना समजावून सांगेन. इंग्रजीत सांगितलं तर ते ऐकतील."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सांगाल?"

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी साहेब आले, कोट-टोपी घातलेले, सडपातळ, चष्म्यावरून बघणारे. माझ्याकडे वळून "आपण कोण?" असं त्यांनी विचारलं आणि माझं तोंड जे मिटलं ते मिटलंच. बाबांचं नाव कसंबसं सांगितलं आणि पोत्यावर जाऊन बसले.

साहेब माणूस सरळ होता. म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता आकडा कुणालाही द्या, तेच सहा उभे राहणार. मग आकडे तुम्ही देऊ नका. आप्पाराव देतील."

आप्पारावांनी खुशीत मिशीवरून हात फिरवला. शालनला त्यांनी सगळ्यांच्या पुढे बसवलं. एक नंबर. आपली नात दुसऱ्याच्या मागे कशी बसेल! मग भावकीतली पोरं, मग ओळखीची, आणि नामाला बरंच मागे, छत्तिसावा. विमल पार शेवटी, बेचाळीस.

अठरावं पोर आजारी होतं. बाईंनी सवयीने वीट उचलली.

"वीट नको," साहेब म्हणाले. "वीट शेजारच्याच्या हातात राहते. जिवंत माणूस पाहिजे." त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "आपण बसा."

एकोणीस वर्षांची मी, कलकत्ता साडी नेसून, आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या ओळीत जमिनीवर बसले. पाढे सुरू झाले. एकच्या पाढ्याला मी उठले. बे नव्वे अठरा, बसले. तीन सक अठरा, उठले. आप्पाराव बघत होते, साहेब बघत होते, दारात बाया जमल्या होत्या. आजूबाजूची पोरं माझ्या कमरेएवढी. आपण खोलीच्या मधोमध एखाद्या खांबासारख्या उभ्या आहोत, साडीची किनार दुमडली आहे का, चपलांचे ठसे पायांवर दिसताहेत का, असलं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. पाढे पुढे जात राहिले.

बेचाळीस एके बेचाळीस झालं. विमल बसली.

उभे होते शालन, चार नंबरचा, नऊ नंबरचा, सोळा, पंचवीस, छत्तीसचा नामा. आणि मी.

"सात," साहेब म्हणाले. "बाई, अठरा वर्ग नाही."

"मी काय म्हणत हुतो?" आप्पाराव म्हणाले. "करणी हाय सगळी. कधी चालती, कधी न्हाय."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर फळ्यावर होती आणि ओठ हलत होते. मग त्या म्हणाल्या, "साहेब, अठरा उभा राहू शकत नाही."

"राहिला आहे ना समोर!"

"एक हाक हुकली. किंवा तीन हुकल्या, किंवा पाच. दोन हुकल्या असत्या तर हिशेब जुळला असता आणि कुणाला कळलंही नसतं."

"हे तुम्ही इथे उभ्या राहून कसं सांगता?"

"बे नव्वे अठरा, त्याची उलटी नऊ दुणे अठरा. तीन सक अठरा, उलटी सहा त्रिक अठरा. पहिली हाक एकची, शेवटची अठरा एके अठरा. तीन उठवणाऱ्या, तीन बसवणाऱ्या. यातून कुणी उभं राहत नाही साहेब, देव आला तरी नाही. आता सोळा बघा. बे आठे सोळा, आठ दुणे सोळा. एक आणि सोळा. उरलं चार चोक सोळा. हे उलटं म्हणून बघा."

साहेबांनी खरंच म्हणून पाहिलं. त्यांचे ओठ हलले. चार चोक सोळा. मग पुन्हा एकदा. त्यांनी चष्मा काढला.

कुणाची हाक हुकली, हे बाईंनी विचारलं नाही. अठराच्या जागी कोण आहे, तेही म्हणाल्या नाहीत. वर्गात त्या कुणाला "चुकलास" म्हणत नसत, "परत मोज" म्हणत. मला तेवढंही म्हणाल्या नाहीत. मी मनात परत मोजलं. नऊ दुणेला मी बसले होते, अठरा एकेला उठले होते. आणि सहा त्रिक? सहा त्रिकला मी साडीची किनार बघत होते.

"सहा त्रिकला मी बसले नाही," मी म्हणाले. इतक्या माणसांसमोर मी उच्चारलेलं ते पहिलं मराठी वाक्य. ते फार हळू आलं. मी पुन्हा म्हणाले, "माझी चूक आहे. हाक आली होती. मी बसले नाही."

"कॅनॉलच्या साहेबाची लेक," आप्पाराव म्हणाले. "रोज हितंच असती. ती बाईच्याच बाजूनं बोलणार."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बरोबर आहे. मग अठराच्या जागी तुम्ही बसा."

"मी?"

"तुम्ही तर बाईंच्या बाजूचे नाही."

दारातल्या बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. आप्पाराव मागे सरणारे नव्हते. फेटा सावरला, धोतर आवरलं, हुं करत मांडी घातली. पुन्हा पहिल्यापासून पाढे. बे नव्वे अठराला ते बसले तेव्हा गुडघा वाजला. तीन सकला पोरांनी "उठा आबा!" म्हणून गलका केला. सहा त्रिकला बसले, नऊ दुणेला जमिनीवर हात टेकून उठले, घामाने निथळत. एकेक पाढा पुढे सरकला तसे ते स्वतःच मोठ्याने पाढे म्हणू लागले, कदाचित पाळी हुकू नये म्हणून. अठरा एके अठरा. बसले. आणि मग बसूनच राहिले. एकोणीस गेला, वीस गेला, त्यांना कुणी हाक मारली नाही. ते मान वळवून वळवून पुढच्यामागच्यांकडे बघत होते. छत्तिसाच्या पाढ्याला नामा उठला, आणि पाढे संपले तेव्हा तो उभाच होता. त्याला तिथे त्यांनीच बसवलं होतं.

सगळ्यांत पुढे शालन मान ताठ करून उभी होती. "आबा, मला दूध!"

"सहा," साहेब म्हणाले आणि शेरेबुक मागवलं.

आप्पाराव उठले नाहीत. बसल्या जागेवरून बाईंना म्हणाले, "ते जोड्यांचं परत एकदा सांगा बघू. सावकाश."

बाईंनी सांगितलं. सावकाश. या वेळी ते फळ्याकडे बघत होते. सांगून होईतो दूध थंड झालं होतं. पोरांनी ते तसंच प्यायलं. नामाने वाटी चाटली, आप्पारावांनी ते पाहिलं. ते एका दिवसात बदलले असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर अर्ज गेला नाही.

साहेबांनी काय लिहिलं ते उन्हाळ्यात कळलं. बाईंना कायम करण्याची शिफारस, मात्र एक वर्ष पुण्याला ट्रेनिंग करून यायचं. तोवर इंदापूरचे एक मास्तर वर्षापुरते यायला तयार झाले होते. आम्ही तेव्हा बारामतीला परत आलो होतो. बाई जाणार म्हणून मी स्टेशनवर गेले.

आप्पारावांनी त्यांना स्वतःच्या बैलगाडीतून आणलं होतं. बाईंची ट्रंक त्यांनी खांद्यावर घेऊन दौंडच्या छोट्या गाडीत चढवली. डब्यात ट्रेनिंगला निघालेल्या दोन मुली होत्या, माझ्याच वयाच्या, चुरचुरीत पाचवारी साड्यांतल्या. त्यांच्यासमोर बाई अंग चोरून बसल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"ताई," खिडकीशी येऊन त्या हळूच म्हणाल्या, "तिथं सगळ्या पोरीच असतील का हो?"

"असतील," मी म्हणाले. "पण त्यांना कारणं माहीत नसतील."

त्या हसल्या. हसताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, खरखरीत, गरम. मी हात काढून घेतला नाही. मी एवढंच करू शकत होते.

शिट्टी झाली. दौंडची गाडी इतकी हळू निघते की माणूस तिच्या बरोबरीने चालू शकतो. आप्पाराव चालू लागले, खिडकीला हात लावून.

"बाई, ते समदं खरं. पर मला एक सांगा. पुढल्या साली पल्याडची वस्ती धरली तर पोरं शंभर हुत्यात."

"होऊ देत की!"

"व्हय, पर शंभरात किती उभी ऱ्हात्याल? दूध तेवढं लागंल न्हवं!"

बाईंनी काहीतरी उत्तर दिलं. पुन्हा शिट्टी झाली, त्यात ते गेलं.

"काय? ऐकू न्हाय आलं!" आप्पाराव आता धापा टाकत पळत होते, फेट्याचा शेव सुटला होता. "किती?"

गाडीने वेग घेतला. फलाट संपला, तिथे ते थांबले. मग खिडकीतून बाईंचे दोन्ही हात बाहेर आले, कोपरापर्यंत. फलाटावरच्या कुणा बाईला वाटलं, त्या निरोप देताहेत. तिनेही हात हलवला. पण बाईंचे हात हलत नव्हते. दहाही बोटं ताठ, एकमेकांपासून लांब फाकलेली, नीट मोजता यावीत अशी त्यांनी धरून ठेवली होती, गाडी वळणाआड जाईपर्यंत.